तान्ह्या पोळ्याचा बैल संगणकात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलजोड्या तोरणाखालून जाऊन आलेल्या असतात, झडत्या म्हणून झालेल्या असतात. आता पोरांची पाळी. लाकडी बैल, पायांखाली चार चाकं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि दोरीचं टोक पोराच्या मुठीत. असे बैल ओढत पोरं घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत, कापसावर जगणाऱ्या या तालुक्याच्या गावात, हे दृश्य कुणाला नवं नाही.

हा लाकडी बैल संगणकाच्या पडद्यावर चालवायचा ठरवला तर काम फारसं अवघड नाही. ‘ब्लेंडर’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शिकाऊ मुलगा थोड्या दिवसांत बैलाचा आकार उभा करील, त्याला लाकडाचा पोत देईल, पहिल्या चित्रात बैल डावीकडे ठेवील आणि शेवटच्या चित्रात उजवीकडे. मधली सगळी चित्रं संगणक भरून काढील. पण आदल्या दिवशीचा खरा बैल चालवायचा म्हटलं की मोठ्या स्टुडिओचाही कस लागतो. तो चालतो तेव्हा वशिंड डुलतं, गळ्याखालची पोळी झुलते, माशी बसली की नेमकी तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, खुरांखालून धूळ उठते. या दोन बैलांमधलं अंतर कापण्यात संगणक-ॲनिमेशनची पहिली चाळीस-पन्नास वर्षं गेली.

हा इतिहास सहसा यंत्रांचा म्हणून सांगितला जातो: कुठला संगणक कधी आला, कुठल्या सिनेमात काय पहिल्यांदा दिसलं. त्यात खरं नाट्य आहे ते मधल्या चित्रांचं. ती कोण काढतं, कुणाच्या पैशानं काढतं आणि दोन टोकांची चित्रं कुणी ठरवायची, या प्रश्नांभोवती ॲनिमेशन शंभर वर्षं फिरत आलं आहे. महाराष्ट्रात तर ते सिनेमाच्याही आधीपासून.

काच, वाटाणा, आगकाड्या

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा. पट्ट्या सरकवून, एकीवर दुसरी आणून पटवर्धन मंडळी पौराणिक कथांमधल्या आकृत्यांना हालचाल द्यायची. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईला पोचला तो 1896 मध्ये. म्हणजे रंगवलेलं चित्र पडद्यावर हलताना मराठी प्रेक्षकांनी छायाचित्राच्या आधी पाहिलं होतं.

दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करायचं म्हणून आधी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतरानं त्याची एकेक चौकट टिपत गेले. कित्येक दिवसांत झालेली वाढ पडद्यावर क्षणांत दिसली. यात चित्रकला नव्हती, तरी ॲनिमेशनचं मर्म होतं: चौकट एकेक करून घ्यायची आणि काळ आपल्या मुठीत ठेवायचा. पुढे 1915 मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या जराशा हलवायच्या, एक चौकट घ्यायची, पुन्हा हलवायच्या. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. प्रभात फिल्म कंपनीनं 1934 मध्ये ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा चित्रपट काढला. भारतातल्या सुरुवातीच्या बोलत्या व्यंगचित्रपटांत तो मोडतो. संत-पुराणांच्या बोलपटांनी नाव कमावलेल्या कंपनीनं हे कष्टाचं काम अंगावर घेतलं होतं.

कष्ट किती, याचा हिशेब साधा आहे. सिनेमात सेकंदाला 24 चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात, दहा मिनिटांच्या फिल्मला 7,200. एका माणसाच्या हातून हे होणं कठीण, म्हणून अमेरिकी स्टुडिओंनी कामाची उतरंड बसवली. मुख्य चित्रकार हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढणार, त्यांना ‘की’ म्हणायचं. त्यांच्यामधली चित्रं सहायक काढणार, ती ‘इनबिटविन’. मग ती पारदर्शक सेलवर गिरवायची, मागच्या बाजूनं रंगवायची आणि कॅमेऱ्याखाली एकेक ठेवून टिपायची.

ही पद्धत मुंबईत सरकारी खर्चानं रुजली. फिल्म्स डिव्हिजननं कार्टून फिल्म युनिट उभं केलं आणि 1956 मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. जी. के. गोखले, राम मोहन अशी माणसं त्यांच्या हाताखाली तयार झाली. जातककथेवरचा ‘द बनियन डीअर’ 1957 मध्ये झाला. पुढची दोन-तीन दशकं देशात ॲनिमेशन म्हणजे बहुतांशी सरकारी फिल्म: कुटुंबनियोजन, बचत, आरोग्य. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी ती दाखवली जायची आणि लोक तेवढ्यात आपली जागा शोधून घ्यायचे.

त्याच सरकारी परंपरेतून 1974 मध्ये ‘एक अनेक और एकता’ आली. ज्यांनी दूरदर्शन पाहिलं त्यांना ती तोंडपाठ आहे. लेखन विजया मुळे यांचं, संगीत वसंत देसाईंचं, ॲनिमेशन भीमसेन यांचं. सपाट रंग, मोजक्या रेषा, मोजकीच हालचाल. मधली चित्रं महाग पडतात हे ठाऊक असलेल्या कलावंतांनी कमी चित्रांत जास्त सांगायची रीत काढली. टंचाईतून शैली घडते याचं हे चोख उदाहरण.

मधली चित्रं यंत्राकडे

संगणकानं चित्र काढावं ही कल्पना मात्र सिनेमावाल्यांची नव्हती. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी 1963 च्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ दाखवलं: पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ ओढायची आणि संगणकानं ती लक्षात ठेवायची. हेतू अभियांत्रिकी आराखड्यांचा होता.

ॲनिमेशनवाल्यांना जे हवं होतं ते कॅनडात घडलं. तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी अशी प्रणाली बांधली की कलावंतानं दोन टोकांची चित्रं द्यायची आणि मधली संगणकानं काढायची. तिच्यावर पीटर फोल्डेस यांनी 1974 मध्ये ‘हंगर’ केली. त्यात एक माणूस खात सुटतो, फुगत जातो, आकार एकातून दुसऱ्यात वितळत राहतात. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेल्या अगदी पहिल्या संगणकी फिल्मांपैकी ती. तिच्यातली हालचाल आज पाहिली तर जरा गुळगुळीत, सुस्त वाटते. कारण संगणक दोन टोकांमधलं अंतर समान वाटून टाकतो आणि जिवंत प्राणी तसा हलत नाही. चालता बैल पाय उचलताना वेगळा असतो, टेकवताना वेगळा. भार पडला की खांदा दबतो. सहायकाची नोकरी यंत्राला देता आली, त्याची नजर देता आली नाही.

त्याच सुमारास युटा विद्यापीठात दुसरी वाट तयार होत होती. तिथे सपाट चित्राऐवजी संगणकाच्या आत घन वस्तू उभी करायचा प्रयत्न चालला होता. लहान लहान सपाट तुकड्यांनी आकार बांधायचा, हे ठरलेलं. पण तुकडे दिसता कामा नयेत. आंरी गूरो यांनी 1971 मध्ये छटा एकमेकींत मिसळवायची रीत दिली. बुई तुआँग फाँग यांनी चकाकीचं गणित दिलं. एड कॅटमल यांनी 1972 मध्ये स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेतला, त्यावर रेषा आखल्या, बिंदूंची मापं संगणकात भरली आणि तो हात पडद्यावर उघड-मीट करून दाखवला. पुढे पिक्सार ही ॲनिमेशन कंपनी उभी करणाऱ्यांत हेच कॅटमल होते.

लाकूड सोपं, कातडं अवघड

पहिल्या संगणकी पात्रांची यादी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. 1986 च्या ‘लक्सो ज्युनिअर’मध्ये टेबलावरचे दिवे, 1988 च्या ‘टिन टॉय’मध्ये पत्र्याचं खेळणं, 1995 च्या ‘टॉय स्टोरी’त प्लॅस्टिकची, कापडाची खेळणी. विषयाची निवड यंत्राच्या मर्यादेनं केली होती. कडक, गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग संगणकाला जमत होते. केस, त्वचा, पाणी जमत नव्हतं. ‘टिन टॉय’मधलं बाळ म्हणूनच आजही डोळ्यांना खटकतं. तान्ह्या पोळ्याचा बैल 1995 च्या संगणकानं उत्तम केला असता.

‘टॉय स्टोरी’ 81 मिनिटांची, चौकटी 1,14,000 च्या घरात. त्या तयार करायला 117 संगणक रात्रंदिवस चालत होते आणि एकेका चौकटीला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत वेळ लागत होता. पण ती चालली ती या आकड्यांमुळे नव्हे. दिग्दर्शक जॉन लॅसेटर डिस्नेत हातानं चित्रं काढून तयार झालेले. त्यांनी 1987 मध्ये संगणकवाल्यांच्या परिषदेत एक निबंध वाचला. दाबणं-ताणणं, हालचालीआधीची तयारी, वजन, वेळेचं भान ही कागदावरच्या ॲनिमेशनची तत्त्वं संगणकातही जशीच्या तशी लागू आहेत, एवढंच त्यात म्हटलं होतं. संगणकशास्त्राच्या सभेत चित्रकलेचा धडा, आणि तोच पुढे सगळ्यांनी घोकला.

1993 च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये असाच प्रसंग घडला. फिल टिपेट हे बाहुल्या एकेक चौकट हलवणारे कारागीर. फाळक्यांच्या आगकाड्यांचा वंश. डायनोसॉर संगणकात करायचे ठरल्यावर त्यांचं काम संपलं असं वाटलं. मग त्यांच्या मंडळींसाठी धातूचा सांगाडा बनवला गेला, सांध्यांमध्ये संवेदक बसवले. कारागिरानं हातानं सांगाडा हलवायचा, हालचाल संगणकात उतरायची. प्राणी वजन कसं पेलतो हे ज्यांच्या बोटांना माहीत होतं, त्यांच्यावाचून यंत्राचं अडलं.

त्यानंतर खऱ्या बैलाचे तुकडे एकेक करून जमू लागले. धूळ-धूर-ठिणग्यांसाठी असंख्य कणांचं गणित विल्यम रीव्ह्ज यांनी 1982 च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात वापरलंच होतं. 2001 च्या ‘मॉन्स्टर्स, इन्क.’मध्ये सली या पात्राच्या अंगावर 23 लाखांहून अधिक केस होते आणि ते वाऱ्यानं, धक्क्यानं आपसूक हलत होते. झूल कशी लोंबेल, पोळी कशी झुलेल, कातडीखाली स्नायू कसा सरकेल हे आता ‘सिम्युलेशन’ ठरवतं. ॲनिमेटर फक्त आतला सांगाडा चालवतो, ज्याला धंद्यात ‘रिग’ म्हणतात. मागचा डावा पाय, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, हा जनावराच्या चालीचा क्रम मात्र त्याला पाठ असावाच लागतो. एडवर्ड मायब्रिज यांनी 1887 मध्ये ‘ॲनिमल लोकोमोशन’च्या 781 चित्रफलकांत माणसांच्या आणि जनावरांच्या चाली टिपून ठेवल्या. आजचे विद्यार्थीही ते उघडतात. घाटंजीच्या मुलाला त्यासाठी बांधावर जाऊन बसलं तरी पुरे.

मुंबई-पुण्याचा हिशेब

राम मोहन यांनी युगो साको या जपानी दिग्दर्शकाबरोबर केलेलं ‘रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स राम’ 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. ते हातानं काढलेलं. त्यानंतर वारं फिरलं. चेन्नईच्या पेंटामीडियानं 2000 मध्ये ‘पांडवाज’ हा संगणकी चित्रपट केला. मुंबईत व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ 2005 च्या दिवाळीच्या तोंडावर लागला आणि भारतीय ॲनिमेशनपट तिकीट काढून बघितला जातो हे पहिल्यांदा सिद्ध झालं. 2008 च्या दिवाळीत ‘रोडसाइड रोमिओ’ आला; यशराज आणि डिस्नेचा पैसा, काम टाटा एलेक्सीच्या स्टुडिओचं. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सचा ‘दिल्ली सफारी’ 2012 मध्ये आला. त्याच साली ‘मोटू पतलू’ दूरचित्रवाणीवर सुरू झालं. पात्रं ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातली, निर्मिती मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओची, दिग्दर्शन सुहास कडव यांचं. यवतमाळ जिल्ह्यातलं पाच वर्षांचं पोर शाळेत जायच्या आधी फर्डं हिंदी बोलू लागतं, त्यात या मालिकेचा वाटा मोठा आहे. मराठीतलं पात्र एवढं घराघरांत शिरलेलं नाही. ‘प्रभो शिवाजी राजा’सारखे प्रयत्न झाले, पण वाहिनीवर रोज भेटणारा मराठी सवंगडी त्यांतून आला नाही.

मुंबई-पुण्याच्या या धंद्याचा मोठा भाग दिसत नाही, कारण तो परक्यांच्या चित्रपटांत असतो. 2012 च्या ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ बहुतांशी संगणकातला. तो करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकन कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादेतही होते. टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघांच्या शेजारी राहणाऱ्या घाटंजी-पांढरकवड्याच्या माणसानंही ज्याला खरा म्हणावं, असा तो वाघ. चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं फेब्रुवारी 2013 मध्ये. त्याच महिन्यात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. ठरावीक बोलीवर काम घ्यायचं, निर्मात्यानं बदल सुचवत राहायचं आणि वाढीव तास स्टुडिओनं सोसायचे, अशी या धंद्याची घडी आहे. पडद्यावरच्या वाघाची मालकी त्याला घडवणाऱ्यांकडे नसते. कापूस पिकवणाऱ्या तालुक्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

संगणक म्हणजे घन, चकचकीत चित्रंच, असंही नाही. जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ या लघुपटाचा 2006 मध्ये कान महोत्सवात गौरव झाला. त्यांचा ‘बॉम्बे रोज’ 2019 मध्ये व्हेनिसला क्रिटिक्स वीकचा उद्‌घाटनाचा चित्रपट होता. तो संगणकावरच झाला, पण चौकट-चौकट हातानं रंगवून. कागद गेला, ब्रशच्या जागी डिजिटल पेन आलं, मधली चित्रं मात्र माणसांनीच काढली. यंत्राकडे सोपवता येत असतानाही सोपवायचं नाही, हा निर्णय कलावंताचा.

फुकटचं सॉफ्टवेअर आणि लाटव्हियाचं मांजर

घाटंजीसारख्या गावात संगणकाची चित्रकारी सिनेमातून आली नाही. ती लग्नाच्या कॅसेटमधून आली. शूटिंगवाला मिक्सिंग करून द्यायचा, त्यात नवरानवरीच्या फोटोभोवती गुलाब फिरायचे, बदाम फुटायचे, पानं उलटायची. मग फ्लेक्सची दुकानं आली. 2001 पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले आणि माऊस हातात धरायची भीती गेली. चांगलं ॲनिमेशन सॉफ्टवेअर मात्र शहरातल्या स्टुडिओंनाच परवडेल अशा किमतीचं होतं.

ही भिंत नेदरलँड्समध्ये पडली. टोन रोसेंडाल यांनी ब्लेंडर आधी स्वतःच्या स्टुडिओसाठी लिहिलं, मग ते विकणारी कंपनी काढली. ती 2002 मध्ये बसली. गुंतवणूकदारांनी सॉफ्टवेअर खुलं करायची किंमत एक लाख युरो सांगितली. रोसेंडाल यांनी जगभरच्या वापरणाऱ्यांकडे वर्गणी मागितली आणि सात आठवड्यांत रक्कम जमली. तेव्हापासून ब्लेंडर कुणालाही फुकट आहे.

याचा अर्थ काय हे मार्च 2025 मध्ये दिसलं. लाटव्हिया हा बाल्टिक किनाऱ्यावरचा छोटा देश. तिथल्या गिंट्स झिल्बालोडिस यांच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. पुरात सापडलेलं एक मांजर, एकही संवाद नाही, आणि संपूर्ण काम ब्लेंडरमध्ये. समोर पिक्सारचा ‘इनसाइड आउट 2’ आणि ड्रीमवर्क्सचा ‘द वाइल्ड रोबोट’ होता. त्याच यादीत चिकणमातीच्या बाहुल्या हातानं हलवून केलेले दोन चित्रपटही होते. म्हणजे संगणकानं जुनी तंत्रं पुसून टाकली, असं इतिहास सांगत नाही. तो आल्यावर प्रत्येक तंत्राची निवड जास्त जाणीवपूर्वक होऊ लागली.

‘फ्लो’मधल्या मांजराचे केस मोजता येत नाहीत, बोळ्यानं रंगवल्यासारखं त्याचं अंग आहे. सलीच्या 23 लाख केसांपुढे ते काहीच नाही. पण ते मांजर उडी मारण्याआधी जसं दबा धरतं, तसं मांजर पाहणाऱ्यालाच सुचतं. वाटाण्याच्या कुंडीपासून इथपर्यंत भाव खाऊन गेलेली गोष्ट ही एकच: नीट पाहणं.

टोकाची चित्रं

आता मधल्या चित्रांचा प्रश्न पुन्हा उघडला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं केवळ मधली नव्हे, टोकाची चित्रंही काढून देऊ म्हणतात. ज्या कामांवर नवशिक्याचं पोट चालायचं आणि ज्यांतून त्याचा हात तयार व्हायचा, ती कामं आधी जातील. राम मोहन यांच्या पिढीनं शिकण्यासाठी हजारो चित्रं काढली. पुढच्या पिढीला तेवढी काढायची संधी कोण देणार, याचं उत्तर उद्योगाकडे नाही. मुंबईत केंद्र सरकारच्या पुढाकारानं सर्जनशील तंत्रज्ञानाची संस्था सुरू झाली आहे, राज्याचं या क्षेत्राचं धोरणही आलं आहे. ते चांगलंच. पण धोरणांच्या भाषेत रोजगारांचे आकडे असतात, आणि रोजगार म्हणजे बहुधा परक्याच्या वाघाला केस लावणं.

म्हणून तालुक्याच्या गावातून मुलाला-मुलीला या शिक्षणाला पाठवताना पालकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. त्या वर्गात पेन्सिल हातात देतात का? फक्त सॉफ्टवेअरची बटणं शिकवणाऱ्याकडची विद्या दर दोन वर्षांनी शिळी होणार. आणि मुलानं केलेल्या कामाच्या करारात त्याच्या नावानं काय उरतं, हे तिथे कुणी समजावतं का? घाटंजी तालुक्यात कोलाम आणि गोंड पाडे आहेत, बंजारा तांडे आहेत, दिवाळीच्या सुमारास रंगणारं दंडार हे लोकनाट्य आहे, वऱ्हाडीतल्या न संपणाऱ्या गोष्टी आहेत. साधन फुकट झालं, तेव्हा या गोष्टींना मोठ्या भांडवलाची वाट पाहायची गरज राहिली नाही. त्या पडद्यावर येतीलच, कुणीतरी आणीलच. तेव्हा पात्रांच्या मालकीच्या कागदावर नाव सांगणाऱ्यांचं असेल की विकत घेणाऱ्यांचं, हे पहिलं चित्र काढण्याआधी ठरवून घेतलेलं बरं.